पाळीवरचं गाणं

१

देवानंद दिघोरे तलावाच्या पाळीवर, तुडुमाजवळ, जिथून शेताकडे पाणी सोडतात तिथे पालथा पडलेला सापडला. सकाळी जाळं ओढायला गेलेल्या ढिवरांना तो दिसला. डोक्याची मागची बाजू फुटली होती. शेजारी रक्ताने माखलेलं वल्हं पडलं होतं. ते कोणाचं, हे चिखलबोडीत कोणालाच विचारावं लागलं नाही. सगळ्यांनी ते मोबाईलवर पाहिलेलं होतं.

व्हिडिओ अर्ध्या मिनिटाचा होता. त्यात मिथुन मारबते नावाचा, नुकतीच मिसरूड फुटलेला पोरगा याच पाळीवर उभा होता. हातात हेच वल्हं. मागून धडाधड बीट वाजत होती आणि तो कॅमेऱ्याकडे बोट रोखून म्हणत होता,

"पाळीवर ये रे, पाळीवर ये,
हात तुहा तोडतो, पाळीवर ये!"

देवानंद मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष होता. हे गाणं चित्रित होत असताना, पाळीवर धिंगाणा नको म्हणत, त्याने मिथुनला चारचौघांत थोबाडीत मारली होती आणि पोरांचा स्पीकर उचलून तलावात फेकला होता. तेव्हा मिथुन काही बोलला नव्हता. पण व्हिडिओ त्याने टाकलाच, आणि त्यानंतर आठवडाभरात देवानंद मेला.

उपनिरीक्षक संघप्रिया खोब्रागडे तालुक्याच्या ठाण्यातून जीप घेऊन आली तेव्हा पाळीवर अख्खं गाव जमलं होतं. पोलीस पाटलाने पुढे होऊन तिला मोबाईल दाखवला.

"हे पाहा मॅडम. पोरानं आदीच सांगून ठेवलं होतं."

मिथुन घरीच होता. तो पळाला नाही, रडला नाही. संघप्रियाने विचारलं, "तू मारलंस त्याला?" तो जमिनीकडे बघत राहिला. त्याची आई गोकुळा दारात उभी होती, पदर अगदी ओठांपर्यंत ओढलेला. बाप मनसाराम ओसरीवर दोन्ही हात जोडून बसला होता. गल्लीतले लोक आपापल्या दारांत उभे होते, पण मारबत्यांच्या दाराजवळ कोणी आलं नाही.

हवालदार आत्रामने पोराला जीपमध्ये बसवलं. तेव्हा मिथुन पहिल्यांदा बोलला, तेही आईकडे बघून.

"माय, तू कायी बोलू नको. काईच नाई."

संघप्रियाला वाटलं, हाच कबुलीजबाब.

२

"हे असंच होतं," ठाणेदार म्हणाले. "दिवसभर कानात इअरफोनच्या बोंड्या घालायच्या. फोडतो, तोडतो, मारतो. शेवटी पोरगं एक दिवस खरंच मारतं. आपण लहान असताना असली गाणी होती का?"

दुपारी ब्रह्मपुरीहून पत्रकार आले. संघप्रियाने त्यांना सांगितलं, "आरोपीने गाण्यातून आधीच धमकी दिली होती." दुसऱ्या दिवशी हे वाक्य तिच्या नावासकट छापून आलं. मथळा होता, 'गाण्याने घेतला बळी'. चिखलबोडीच्या ग्रामसभेने डीजे आणि रॅपवर बंदीचा ठराव घेतला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकांना पोरांचे मोबाईल तपासायला लावले. पेपरातली कात्रणं ठाण्याच्या फळ्यावर लागली आणि संघप्रियाला जाता-येता आपलं नाव दिसू लागलं. तिला ते वाईट वाटलं नाही. इतक्या लवकर सुटलेली ही तिची पहिलीच खुनाची केस होती.

मिथुन मात्र तोंड उघडत नव्हता. संध्याकाळी कुठे होतास? गप्प. वल्हं कुठे ठेवलं होतंस? गप्प. हो नाही आणि नाहीही नाही.

तेवढ्यात रोशन कुमरे आला. जंगलाकडच्या टोल्यावरच्या वस्तीतला, मिथुनच्या वयाचा, अंगाने काटक. गाण्याची बीट त्यानेच मोबाईलवर बनवली होती. तोही चौकशीच्या यादीत होताच, पण तो बोलावण्याआधीच स्वतःहून आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला,

"मॅडम, तुमी गाणं पुरं आयकलं काय?"

"ऐकलं. हात तोडतो, पाळीवर ये."

"ते त धृपद हाय. तेवढंच फिरून राह्यलं. पुरं गाणं आमी टाकलंच नाई. मिथुन म्हणे, नोको."

"बाकीच्यात काय आहे?"

रोशनने मान खाली घातली. "मी नाई सांगू शकत. त्याची शपथ हाय."

"मग कशाला आलास?" संघप्रिया वैतागली. "तुझा स्पीकर देवानंदने पाण्यात फेकला. तुलाही राग होताच. उद्या तुझंही नाव येईल."

"येऊ द्या," रोशन म्हणाला. दारापर्यंत गेला आणि वळला. "पण एक सांगतो. देवानंदभाऊनं मले फोन केल्ता. मेले त्याच दिवशी, दुपारी. म्हणे, पोरा, तुह्याजवळ पुरं गाणं हाय काय? मले पाठव. मी पाठवलं."

तो गेला. ज्या माणसाने त्या गाण्यापायी पोराला थोबाडीत मारली, त्याला अख्खं गाणं कशाला हवं होतं?

३

देवानंदची बायको डिंपल भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी संपलं होतं. संघप्रिया तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"त्या दिवशी दुपारी ते गाणं ऐकत होते का?"

डिंपलने मान हलवली. "कानाले फोन लावून. एकदा आयकलं, मंग पुना लावलं. मी म्हटलं, त्या पोट्ट्याचं गाणं काऊन आयकून राह्यले? त कायीच बोलले नाई. जेवले बी नाई."

"रागात होते?"

"नाई." ती विचारात पडली. "रागात असले का ते घरभर फिरत. त्या दिशी एका जागी बसून होते. मले म्हणे, डिंपल, माहं चुकलं. मी त्या पोराले उगाच मारलं."

संघप्रियाने हातातला पेन खाली ठेवला.

"मग?"

"मंग दिवे लागाच्या वक्ताले निघाले. मले म्हणे, भात मांड, येतोच. मी चुलीपाशी बसली. मनसारामभाऊकडे भजन चालू होतं. रोजच्यापेक्षा मोठ्यानं. पेटी आन ढोलक दणदण. मग मधातच बंद पडलं, ओळ अर्धी. मले वाटलं लाईन गेली. पण माह्या घरचा बल्ब त जळून राह्यला होता." तिने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. "वाट पायली, आले नाई. वाटलं, ब्रह्मपुरीले भावाकडे गेले असन, सोसायटीचं काम असलं का जातेत. बाहेर जाऊन पायलं असतं त..."

"फोन त्यांच्याजवळच होता?"

"हातातच."

पण देवानंदच्या अंगावर फोन सापडला नव्हता. पाळीवर नाही, खिशात नाही, मिथुनच्या घरझडतीतही नाही.

"डिंपलताई, निघताना कुठे जातो म्हणाले?"

डिंपलने बोटाभोवतीचा पदर सोडला. शेजारच्या घराकडे तिची नजर गेली आणि लगेच परत आली. मधे एक भिंत होती फक्त. पलीकडे मारबते.

"नाई सांगतलं," ती म्हणाली. संघप्रियाने आजवर अनेक साक्षीदार काहीतरी लपवताना पाहिले होते. पण लपवताना इतकं ओशाळलेलं तिने कोणाला पाहिलं नव्हतं.

४

मनसाराम मारबतेने चिखलबोडीत भजन मंडळ उभं केलं होतं. दारूबंदीच्या मोर्चात तो पुढे असायचा. त्याच्या सांगण्यावरून दहा-वीस घरांची दारू सुटली होती, हे खरंच होतं. पांढरंशुभ्र धोतर, पांढरा सदरा. ओसरीवर झाकून ठेवलेली पेटी, बाजूला मोठा काळा स्पीकर.

"माही मान खाली गेली, मॅडम," तो म्हणाला. आवाज खर्जातला, गोड. "लोकायच्या पोरायले मी वळण लावलं, अन माह्याच घरात हे. मी किती सांगतलं, बाबू, हे गाणे सोड. देवाचं नाव घे. त्या गाण्यायनं डोकं फिरते. नाई आयकलं."

संघप्रियाला त्याची कीव आली. तिच्या स्वतःच्या बापाचा आवाजही असाच होता.

"त्या संध्याकाळी मिथुन घरी होता?"

"कोणाले माहीत? मी भजनात होतो. डोळे मिटले का मले भान नसते."

"मंडळ बसलं होतं?"

"मंडळ कुठलं? आमचा ढोलकवाला दसरू मिरची तोडाले तेलंगणात गेला, होळीपर्यंत येत नाई. टाळवाले बी अर्धे तिकडंच. आता एकटाच म्हणतो, घरच्या घरी. गल्लीले विचारा."

संघप्रियाने गल्लीला विचारलं. सोमारीबाई सुपात तांदूळ पाखडत होती. "हो, मनसारामभाऊ घरी होते. भजन आयकू येत होतं." पलीकडचा म्हातारा जाळं विणत होता. "घरीच होते. भजन आयकू येत होतं." किराणावाला, पोलीस पाटील, अंगणवाडीची मदतनीस. प्रत्येकाचं तेच उत्तर, जवळजवळ त्याच शब्दांत. भजन ऐकू आलं, यात खोटं काहीच नव्हतं. आणि हे सांगताना कोणीही वर बघत नव्हतं.

जीपजवळ पोहोचेपर्यंत संघप्रियाच्या मनात डिंपलचं वाक्य घोळत होतं. पेटी आन ढोलक दणदण. ती थांबली. मग मागे फिरून परत सोमारीबाईच्या अंगणात आली.

"सोमारीबाई, भजनात ढोलक होती?"

"होती ना. चांगली वाजत होती."

"वाजवली कोणी?"

सोमारीबाईचं सूप हातातल्या हातात थांबलं.

"मनसारामभाऊ एकटेच होते ना? पेटीवर दोन्ही हात. दसरू तेलंगणात. मग ढोलक कोणी वाजवली?"

म्हातारी उठली. तिने सूप उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं. आत कडी सरकल्याचा आवाज संघप्रियाने ऐकला. समोरच्या दारातला म्हातारा जाळ्यासकट उठला आणि तोही आत गेला.

भर दुपारी त्या गल्लीत ती एकटी उभी राहिली. ते भजन माणसाचं नव्हतं, मशीनवरचं होतं. जुनं, दसरू असतानाचं भरून ठेवलेलं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मग सगळे त्याची साक्ष का देत होते? भीतीने? मनसारामची भीती वाटावी असं त्याच्यात काही नव्हतं. लोकांच्या तोंडावर भीती नव्हतीच. तिथे दुसरंच काहीतरी होतं.

तिने रोशनला फोन लावला.

"मला पूर्ण गाणं हवंय. शपथ राहू दे. देवानंदला दिलंस, मला दे."

गाणं आलं. तिने जीपची काच वर केली आणि मोबाईल कानाशी धरला. बीटखाली मिथुनचा आवाज भराभर धावत होता. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा तिने डोळे मिटून ऐकलं.

"घरात देवाचं नाव, भिंतीले रक्त,
आवाज वाढवते, कोणी नाई आयकत.
पेटी वाजते, माय माही वाकते,
गल्ली सारी जागी, डोळे झाकते."

आणि मग तेच धृपद. हात तुहा तोडतो, पाळीवर ये. ते देवानंदसाठी कधी नव्हतंच.

५

मनसाराम सोसायटीच्या कार्यालयात गेला आहे, हे बघून संघप्रिया मागच्या दाराने गोकुळाकडे गेली. गोकुळा भांडी घासत होती. संघप्रिया तिच्या शेजारी उकिडवी बसली, एक गंज उचलला आणि राख लावून घासू लागली. गोकुळाने तिच्या हातातून तो काढून घेतला नाही.

"बाई, मी गाणं ऐकलं. पूर्ण."

गोकुळाचा हात थांबला. पदर आजही ओठांपर्यंत होता. तो तिने आणखी ओढला.

"तो पदर जरा बाजूला करता?"

"नाई."

"बरं."

नळाखालची बादली भरून वाहू लागली. गोकुळाने उठून नळ बंद केला आणि पाठमोरीच उभी राहून बोलू लागली.

"त्या दिशी भाकर करपली होती. एवढंच. यायनं मशीन लावलं. मशीन लावलं का मले समजते. आवाज चढवला. एकदा मारलं. तेवढ्यात दारातून देवानंदभाऊचा आवाज आला. मोठ्यानं म्हणे, 'मनसारामभाऊ, पाळीवर या. बोलाचं हाय.' घरात नोयता येत. म्हणे, 'गल्लीसमोर नाई बोलत, पाळीवर या.' हे एकदम चूप झाले. माह्याकडे पायलं. म्हणे, तू सांगतलं त्याले? अन तसेच गेले. मशीन तसंच चालू."

"आणि मिथुन?"

"तो मंग आला. मशीन आयकलं का तो कुठी बी असो, धावत येते. येऊन पायलं त बाप घरात नाई. मी एकटी. त्यानं मशीन बंद केलं. माहं तोंड धुतलं." तिचा आवाज तुटला. "हे अंधार पडल्यावर आले. धोतर ओलं, पायाले चिखल. मी धोतर धुतलं. मले माहीत नोयतं काय धुऊन राह्यली. सकाळी माहीत झालं."

"मिथुनलाही कळलं."

"त्याले माह्याआदी. त्याले एकट्यालेच माहीत होतं का बाप घरी नोयता." ती वळली. पदर खाली आला होता. वरचा ओठ सुजलेला, फाटलेल्या जागी काळी खपली. "त्यानं सांगतलं, माय, तू बोलू नको. बोलली त तुले हे सगळं कोर्टात सांगा लागन, तालुक्याच्या लोकायसमोर. तो म्हणे, मी जातो. पोट्ट्यायले लोक सोडून देतेत. गाण्याच्या नादानं झालं म्हणतीन. हे बी तेच म्हणत. मी बोलली त नवरा जाईन, नाई बोलली त पोरगा जाईन. अन दोनीकून लाज माहीच."

संघप्रियाने गंज खाली ठेवला. तिच्या हातांना राख लागली होती. जीपमध्ये बसताना पोरगा जे आईला म्हणाला, ते तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि स्वतःच्याच हाताने त्याची कबुलीजबाब म्हणून नोंद केली होती.

बाहेर फाटकाची कडी वाजली. मनसाराम परत आला होता.

६

तो ओसरीवर बसला. संघप्रियाला स्वयंपाकघराच्या दारात बघून त्याचा चेहरा जरासाही हलला नाही.

"या मॅडम. चहा ठेव गं."

"चहा नको. मनसारामभाऊ, त्या संध्याकाळी तुम्ही घरी होतात, याची साक्ष अख्खी गल्ली देते. कोणी पाहिलं का तुम्हाला?"

"आवाज आयकला ना सगळ्यायनं. माहा आवाज मी नाई का?"

"आवाज तुमचाच. ढोलक दसरूची. आणि दसरू मिरचीच्या शेतात आहे."

मनसाराम हसला. "भरून ठेवलेलं बी लावतो कधी कधी. ते लावून मी डोळे मिटून बसलो होतो. गुन्हा हाय काय?"

"मग ओळ अर्ध्यावर असताना बंद का केलंत?"

तो गोंधळला. एवढं एक त्याला माहीत नव्हतं. तो तेव्हा पाळीवर होता. त्याने बायकोकडे पाहिलं, मग स्पीकरकडे, आणि त्याला कोणीतरी मशीन बंद केलं होतं हे पहिल्यांदाच कळल्यासारखं दिसलं.

"लाईन गेली असन," तो म्हणाला.

"शेजारी दिवा चालू होता. मशीन मिथुनने बंद केलं. तुम्ही घरी असता तर तुम्हाला हे माहीत असतं. आणि जो पोरगा त्या वेळी घरात मशीन बंद करत होता, तो पाळीवर देवानंदला मारत नव्हता."

गल्ली शांत होती. कुठेतरी एक खिडकी किलकिली झाली. मनसारामने सदऱ्याची बाही सारखी केली. तो बोलला तेव्हा आवाज तसाच गोड होता, त्यात राग नव्हता. संघप्रियाला तेच जास्त भयंकर वाटलं.

"देवानंद मले म्हणे, भाऊ, मी सभेत सांगन. तुमी सोताहून माफी मांगा, नाई त मी सांगतो. फोन काढून मले ते गाणं आयकवलं. माह्याच पोराचा आवाज. माही इज्जत, मॅडम. पंधरा गावांत मले मानतेत. तो पाठ फिरवून चालला होता. काठाले आमच्या डोंग्यात वल्हं होतं." तो थांबला. "फोन पाण्यात फेकला, तरी कानात वाजूनच राह्यलं होतं. त्या गाण्यानंच हे सारं केलं. गाणं नसतं त देवानंद जिता असता. खोटं हाय काय?"

हेच वाक्य थोड्या वेगळ्या शब्दांत संघप्रियानेच पेपरला दिलं होतं.

उत्तर गोकुळाने दिलं. ती चौकटीला धरून उभी होती, डोक्यावरचा पदर खांद्यावर.

"गाणं नोयतं तवा माहा हात मोडला होता," ती म्हणाली. "मिथुन पाळण्यात होता. तवा कोणतं गाणं होतं?"

तिने हे हळू म्हटलं नाही. गल्लीत ऐकू गेलं.

७

ढिवरांनी तुडुमाजवळच्या चिखलात जाळं फिरवलं तेव्हा देवानंदचा फोन निघाला. मनसारामने फेकल्याची जागा दाखवली होती, तिथेच. मग जबान्या सुरू झाल्या. संघप्रियाने त्या ठाण्यात बोलावून घेतल्या नाहीत, गल्लीतच घेतल्या. प्रत्येक दारी खाली बसून.

सोमारीबाई म्हणाली, "मशीन लागलं का मी नातवायले घेऊन मागच्या अंगणात जात होती." म्हातारा म्हणाला, "दुसऱ्याच्या घरचं, मॅडम. आपण काय बोलाव?" किराणावाला बराच वेळ दुकानातल्या पुड्या सारख्या करत राहिला आणि म्हणाला, "मनसारामभाऊनं माही दारू सोडवली होती." पोलीस पाटलाने फक्त सही केली. डिंपल सगळ्यांत शेवटी बोलली.

"मी खिडकी लावून घेत होती. या घरात आली तवापासून, सात वर्षं. यायले सांगत होती, तुमी पडू नोका त्याच्यात. त्या दिशी बी सांगितलं असतं, पण ते बोललेच नाई कुठी जाऊन राह्यलो ते. बोलले असते त मी थांबवलं असतं." ती हुंदका आवरत म्हणाली, "अन थांबवलं असतं त ते जिते असते. आता मी कोणती लाज धरू, सांगा तुमी."

मिथुनला सोडलं त्या दिवशी संघप्रिया स्वतः त्याला गावापर्यंत घेऊन आली. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली तेव्हा ती म्हणाली, "मी गाणं पूर्ण ऐकायला हवं होतं. तू पाळीवर असशील असं मी आधीच ठरवून टाकलं होतं."

मिथुन बाहेर बघत होता.

"मॅडम, देवानंदभाऊनं मले मारलं, त्याचा मले राग नोयता. त्यायनं एकट्यानंच पुरं आयकलं. मी ते गाणं केलंच नसतं त..." त्याने वाक्य सोडून दिलं. "बाप बोलते ते खरं हाय काय?"

"नाही," ती म्हणाली. तिला हे ठामपणे म्हणायचं होतं. तसं ते निघालं नाही.

तो उतरला. गल्लीतले लोक दारात आले होते, पण पुढे कोणी आलं नाही. काहींनी नमस्कारासाठी हात उचलले आणि अर्ध्यावरच खाली घेतले. मिथुन त्या सगळ्यांमधून चालत घरी गेला.

पावसाळ्याच्या तोंडावर ठाणेदारांनी संघप्रियाला बोलावलं. पोलिसांचा युवकांसाठी कार्यक्रम होता, चंद्रपूरहून मोठे साहेब येणार होते. विषय 'तरुणाई आणि हिंसा'.

"त्या मारबत्यांच्या पोराला बोलवा," ते म्हणाले. "मंचावर तेच गाणं म्हणू द्या. आता तर ते चांगलंच गाणं ठरलं ना! पेपरवालेही येतील."

ती चिखलबोडीला गेली. पाळीवर उन्हं उतरत होती. तलावात एक डोंगा होता. मिथुन वल्हं मारत होता आणि गोकुळा पुढे वाकून जाळं ओढत होती. डोक्यावर पदर नव्हता, वाऱ्याने केस तोंडावर येत होते. पाळीवर डिंपल बसून मासे निवडत होती, बोटवे एकीकडे, मरळ एकीकडे. डोंगा काठाला लागला तशी गोकुळाने टोपली तिच्या हातात दिली. दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. पण डिंपलने टोपली घेतली आणि बाजूला सरकून गोकुळाला बसायला जागा केली.

संघप्रिया पाळीच्या उतारावरूनच मागे फिरली.

संध्याकाळी ठाणेदारांनी विचारलं, "काय म्हणाला? येतो का?"

"नाही येत, सर."

"का? विचारलंत ना नीट?"

"विचारलंच नाही," ती म्हणाली. "लाज वाटली."